तीन वेढे

रबराला तीन वेढे लागायचे.
चौथा बसला तेव्हा वाटलं, रबर सैल झालंय.
पाचवा बसला त्या दिवशी नवं पाकीट आणलं
रुवीतल्या दोनशे बैसांच्या दुकानातून.
नव्यालाही पाचच.

बिल्डिंगमधल्या बायका एकमुखानं म्हणाल्या, पाणी.
समुद्राचं मीठ काढून केलेलं पाणी,
त्याला केस काय धरणार!
जूनमध्ये गच्चीवरची टाकी तापते,
गार नळाला चटका बसतो,
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि त्यातलं पाणी गार म्हणून घेतो.
जिथं गीझरच गारवा देतो
तिथं केसांनी तरी का सरळ वागावं?

मी पिण्याच्या पाण्यानं न्हाले. पाच लिटरच्या दोन बाटल्या,
पाप केल्यासारख्या, दार लावून.
भांग रुंद होतच गेला,
सोहारच्या रस्त्यासारखा,
दर वर्षी एक पदर जास्त.
फक्त एक बरं होतं,
रात्री न्हायले तरी सकाळी न्हाणीची जाळी स्वच्छ असायची.
चला, म्हणायचे, काल कमी गेले.

सासूबाईंनी कुडाळहून माक्याचं तेल पाठवलं.
बाटली विमानातच फुटली, चकल्यांवर.
आम्ही चकल्या खाल्ल्या.

बद्रिया, आमच्या लॅबची मोठी, म्हणाली, सिद्र लाव.
सिद्र म्हणजे आपल्या बोरीचीच थोरली बहीण.
हिरवी पूड, भिजवली की साबणासारखी फेसाळते.
मी हसले. आठ वर्षांत
मी तिचा एक केस पाहिला नव्हता,
आणि तिचं ऐकून मी केस वाढवायचे?
तिनं स्टोअरची कडी लावली,
हिजाब सोडला, मान खाली घातली.
राखाडी, दाट, कमरेखाली.
"चौथ्या पोरानंतर इथं टाळू दिसत होती," म्हणाली.
"सिद्र नंतर लाव. आधी हात दे."

दिवसाला साठ जणांचं रक्त काढते मी.
मूठ आवळा, दीर्घ श्वास घ्या, झालं.
माझी शीर कुठल्या हाताला बरी
हे मला माहीत नव्हतं.

फेरिटिन : सात.
ज्या यंत्राची दर रविवारी मीच तपासणी करते
त्यानं सांगितलं.
नमुना पुन्हा लावला. सात.

पाणी बिचारं निर्दोष होतं.
दोन वर्षं महिन्याचे दहा-दहा दिवस
अंगावरून जात होतं,
आणि तेही मी अंगावरच काढत होते.
कुणाला सांगायचं? रजा मोजून, तिकिटं महाग,
आणि बायकांचं असतंच असं काहीतरी.

मग डॉक्टर, मग उपचार.
लोहाच्या गोळ्या, लिंबाच्या पाण्याबरोबर,
चहापासून दोन तास लांब.
केस गेले त्यापेक्षा तो चहा जास्त जिवाला लागला.
दोन महिने काहीच नाही. तिसऱ्यात आणखी गेले.
मी गोळ्या फेकणार होते.

पाचव्या महिन्यात, लिफ्टच्या आरशात,
भांगाच्या दोन्ही काठांना
बोटभर केस उभे.
पाण्यानं बसवले, बसेनात. तेलानं, बसेनात.
बद्रियानं चष्मा पुसून पाहिलं.
"बालवाडी," म्हणाली, आणि नमुने लावायला गेली.

आता रबराला चौथा वेढा बसत नाही
आणि तिसरा जरा ढिला राहतो.
पूर्वीसारखे नाहीत. असू देत.

काल पहाटेच जाग आली.
न्हाणीत दिवा, मुकुल जाळीवर वाकलेला,
हातात टिश्यू.
मला पाहून चोर सापडल्यासारखा दचकला.
"अगं, आज काही नाहीच,"
म्हणाला, आणि टिश्यू उघडून दाखवला,
जवळजवळ कोरा.

किती दिवस, मी विचारलं नाही.
गोळीची वेळ झाली होती.
ती राहू दिली,
आधी चहा टाकला. दोघांचा.