दोन मिलिमीटर

भुसावळात मे महिन्यात
भुलीचं इंजेक्शनसुद्धा कोमट असतं.
कूलरला वाळ्याचा वास, खिडकीबाहेर मालगाडी.
डबे मोजायची सवय माझी नाही,
खुर्चीतल्या माणसाची.
तोंड उघडं ठेवून तो बोटांच्या पेरांवर मोजतो.
अठ्ठावन्न.

निंबाजी फेगडे, सदुसष्ट, लोको शेडमधले फिटर, निवृत्त.
खालची उजवी दाढ.
ऑइलच्या डब्याचं झाकण दातांनी उघडलं,
तीस वर्षं उघडत आले तसंच.
या वेळी झाकण जिंकलं.

तडा हिरडीखाली उतरलाय.
एक्स-रेत हाड मात्र उंच, शाबूत,
तापीकाठच्या पांढरीसारखं.

कॉलेजात शिकवलं होतं:
कॅपची कड आणि हाड यांच्यामध्ये
दोन मिलिमीटर हवेत, हिरडीला राहायला.
नसतील तर हाड खाली उतरवा.
सर 'उतरवा' म्हणायचे.
कापा म्हणायचे नाहीत.

मी उतरवलंय.
सावखेड्याच्या हलिमा तडवीचं उतरवलं,
कॅप अशी बसली की मीच फोटो काढून ठेवला.
सहा वर्षांनी शेजारची दाढ हलायला लागली,
जिचा काही गुन्हा नव्हता.
हिला काय झालं, तिनं विचारलं.
मी म्हटलं, वय.
तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती.

फेगडेकाकांना कागदावर दाढ काढून दाखवली,
हाडाची रेघ, तड्याची रेघ,
इथून एवढं हाड काढावं लागेल, म्हटलं.
त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं.
"ब्रास बसत नसला ना ताई,
तं आम्ही ब्रास घासायचो. निळं लावून, बसवून, काढून,
पुन्हा घासायचो.
घराले हात नाई लावायचा.
घर इंजिनाचं राह्यतं."
हाडाच्या रेघेखाली त्यांनी दोनदा गिरवलं.
कागद फाटला.

असंही करतात, हे मला माहीत होतं.
वाचलं होतं. वेळ जास्त लागतो, म्हणून ठेवून दिलं होतं.

हिरडी पानासारखी उलटवली.
आत हाड, ओलं, पिवळसर.
त्याला मी बोट लावलं नाही.
दातच घासला:
तड्याची खालची ओठाळी कड,
दोन मुळांमधली घळ, जिथं अन्न बसतं आणि कुजतं,
जुन्या सिमेंटची खरबड.
बारीक बर, पाणी, थांब. पुन्हा.
सळई फिरवली, अडली.
पुन्हा.
दात किती पातळ करायचा याचं माप पुस्तकात आहे,
बोटांत नाही.
शेवटी सळई कुठंच न अडता हाडापर्यंत घसरत गेली,
तशी माझ्याच कानशिलावरून घाम.

मग टाके, प्लॅस्टिकची तात्पुरती टोपी,
आणि बारा आठवडे.
कळण्याची भाकरी नाही, शेंगा नाहीत.
इंदूकाकू दर पंधरवड्याला फोन करून भांडायच्या,
"किती दिवस वरणात कुस्करून देऊ यायले?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आले.
हिरडी गुलाबी, दाताला बिलगलेली,
सुईनं हळूच तपासलं, रक्त नाही.
कॅप बसवली.
काकांनी आरशाची दांडी मागून घेतली
आणि स्वतःच कॅपवर टकटक केलं,
डोळे मिटून, चाकावर हातोडी मारून ऐकावं तसं.
"भेग असली की चाक बद्द बोलतं," म्हणाले.
आणखी एकदा मारलं.
काय ऐकू आलं, ते सांगितलं नाही.
पैसे मोजून दिले, सुटे परत घेतले.

संध्याकाळी कपाटातून जुनी फाइल काढली.
हलिमाचा नंबर कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलाय.
शेवटचा आकडा पुसट झालाय.
तीन असेल.
नाहीतर आठ.