नमुना क्रमांक सव्वीस

सुवैक. समुद्र तीन किलोमीटरवर.
हरितगृह सहावं, टोमॅटो, सलग अकरावं पीक.
पिशवीवर मार्करनं एवढंच मावतं.

मोफिज खुरपं मारतो
तर पापड मोडल्यासारखा आवाज.
वरची पांढरी साय मी नखानं उचलते,
जिभेला लावते.
(प्रयोगशाळेत हे करायचं नसतं.)
मीटर अकरा दाखवतो.
जिभेनं आधीच सांगितलं होतं.

एक रोप उपटून पाहिलं.
मुळांना गाठी, लहान-मोठ्या,
कुणी घाईत ओवलेली माळ.
सूत्रकृमी, मी म्हणते.
मोफिज म्हणतो, औषध तर दर महिन्याला देतो, दीदी,
आणि रिकाम्या कॅनकडे बोट दाखवतो.
कॅनमध्ये आता त्याचं पिण्याचं पाणी असतं.
मी ओरडते. तो हसतो.

खल्फान येतो, काठी टेकत.
वडिलांच्या वेळी ही विहीर गोड होती, म्हणतो,
बैल उतारावरून चालायचा, चाक कुरकुरायचं,
ज़ज्रा.
मोट, मी म्हणते.
दोघंही क्षणभर तो कुरकुराट ऐकतो
जो आता दोन्हीकडे नाही.
मग पंप आले. एक, मग पाच.
गोडं पाणी जसं खाली गेलं
तसा समुद्र जमिनीखालून आत आला,
पाय न वाजवता,
आधी खजुरांचे शेंडे वाळले
तेव्हा कुठे कळलं.

पण चव बघ, म्हणतो खल्फान,
आणि एक टोमॅटो अंगरख्याला पुसून देतो.
लहानसा. घट्ट. विलक्षण गोड.
मस्कतचे हॉटेलवाले जास्तीचे पैसे देतात याचे.

का गोड आहे, ते मला ठाऊक आहे.
तहानलेलं झाड
असेल नसेल ते फळात कोंबतं.
मी दुसरा मागून घेते.

अहवालात शिफारशीचा रकाना असतो.
क्षार धुऊन काढा : गोड्या पाण्यानं.
जमिनीला विश्रांती द्या.
किती वर्षं? तो विचारतो.
मी पेनाचं टोपण लावते, काढते.

तोडगा त्यानं आधीच मागवलाय.
फाटकाशी ट्रक उभा, नारळाच्या भुशाच्या विटा,
वेष्टनावर छापलेलं : वेंगुर्ला.
नाक लावलं तर खाडीत कुजत घातलेल्या
सोडणांचा तोच वास,
ज्याला लहानपणी आम्ही शाळेच्या वाटेवर
नाक दाबून पळायचो.
आता झाडं या पिशव्यांत वाढतील.
जमिनीवर पांढरं प्लास्टिक,
एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ताणून.
माती नकोच, म्हणतो खल्फान. हलकं वाटल्यासारखा,
आणि काठीनं तिला एकदा टोचून बघतो.

तपासून उरलेला नमुना टाकून द्यायचा असतो.
पुढच्या गुरुवारी मी तो परत घेऊन गेले,
मूठभरच.
प्लास्टिक अंथरून झालं होतं.
मोफिजनं न विचारता एक कडा उचलली,
मी खड्ड्यात ती ओतली,
त्यानं अनवाणी पायानं दाबली
आणि कडा सोडून दिली.