तिकीट कुठं काढायचं?

उद्यमबागेत, आमच्या ओतशाळेत
व्हॉल्व्हचा माल तपासायला आलेला साहेब.
मोरिशिता त्याचं नाव.
चार दिवस मुकाट्यानं कास्टिंगवर नख फिरवत होता,
आणि हसला की कळायचं नाही
पास झालं की नापास.

रविवारी मालक म्हणाले, "यल्लोजी, तू याला किल्ला दाखव की.
तू कमी बोलतोस, तो पण. जमतंय तुमचं."

मी वडगावचा. पन्नास वर्षं
किल्ल्याला वळसा घालून मार्केटला गेलोय.
आत? शाळेत असताना एकदा.

साहेबाच्या गावातही किल्ला. मोबाइलवर दाखवला:
काळा, लाकडाचा, पाण्यात उभा,
पाण्यावर राजहंस.
बूट काढून पिशवीत घालायचे म्हणे,
पिशवी हातात धरून शिडीसारखे जिने चढायचे,
वर गेलं की वारा, आणि लांब बर्फाचे डोंगर.
उतरून थंड शेवया खायच्या, काळसर.
एवढं त्यानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं,
मी मोडक्या इंग्रजीत ऐकलं.
आमच्याकडं राजहंसगड आहे, म्हटलं,
हंस नाहीत.

खंदकापाशी तो थांबला.
जलपर्णी. तीत अडकलेली एक चप्पल,
चपलेवर बगळा.
मला वाटलं, आता वही काढतोय आणि शेरा मारतोय.
त्यानं फोटो काढला. चपलेसकट.

दुर्गेच्या देवळावरून आत गेलो.
"तिकीट कुठं काढायचं?"
तिकीट नाही.
"बंद किती वाजता?"
बंद होत नाही. लोक राहतात इथं.
हे दोनदा सांगावं लागलं.
तेवढ्यात लष्कराचा ट्रक गेला, मागून स्कूटीवर एक बाई,
पायाशी गॅसचा सिलिंडर,
आणि तिनं आम्हा दोघांकडं सारखंच बघितलं,
पाहुण्यांकडं बघतात तसं.

कमल बस्तीत गार होतं.
छतातून उतरलेलं दगडी कमळ तो मान मोडून बघत राहिला.
मी पण. खरं सांगतो, नीट असं पहिल्यांदाच.
पाकळीची जाडी बघितली, कडेचा उतार बघितला,
कुठं भोक नाही, कुठं भेग नाही.
हे मी नापास करू शकलो नसतो.

बाहेर बोर्ड. "काय लिहिलंय?"
कन्नड मी वाचतो, पण
एकेक अक्षर बोटानं ढकलत.
खालचं इंग्रजी तो वाचत होता,
तसंच, बोटानं.
"घरी हेच बोलता?"
नाही, दुसरं.
"बायको?"
तिचं माहेर गोकाककडं. दोन्ही बोलते.
भांडताना तिसरंच.
तो एवढ्यानं हसला की बस्तीतली कबुतरं उडाली.

मग तट. तिथं त्यानं बोट ठेवलं:
भिंतीत एक दगड, त्यावर अर्धं कमळ, उलटं.
कुठल्या जुन्या देवळाचं, कुणी आणून बसवलेलं.
"चूक?"
चूक नव्हे, म्हटलं. घाई.
किंवा मुद्दाम. मला काय माहीत.
आम्ही साच्यात अक्षरं उलटीच बघतो जन्मभर,
सुलटी होतात तेव्हा माल ट्रकमध्ये असतो.

त्याच्या गावच्या दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत:
एक वर्तुळ, एक फुली, एक पंखा.
आमच्या हीट नंबरासारख्या. कुणाचा दगड ते कळावं म्हणून.
मग इथल्या खुणा शोधल्या आम्ही, दुपारपर्यंत,
दोघं पन्नाशीचे, भिंतीला गाल लावून.
एक पोरगं म्हणालं, "काय हुडकूलाय ओ मामा?"
त्याला काय सांगणार.
खुणा नाही सापडल्या. "सुनील + वैजू" सापडलं, खडूनं.
त्याचाही फोटो.

परत येताना कुंदा खाल्ला.
त्यानं दुसऱ्यांदा मागितला, पैसे मला देऊ दिले नाहीत.

सोमवारी चौदा कास्टिंग नापास.
त्यातलं एक माझं. नंबरातला तीन
उलटा बसला होता.
त्यानं खडूनं भोवती वर्तुळ काढलं, माझ्याकडं बघितलं.
"चूक?"
घाई, म्हटलं.
हसला.
कळलं नाही.