विरजण

सकाळचे सहा वीस.
केरिओच्या दरीत अजून रात्र साचलेली,
वर पठारावर, लाल मातीच्या ट्रॅकवर, नुकतं दिसू लागलंय.
माझ्या खिशात सुया, कापूस, मुठीत मावणारं यंत्र.
पूर्वी मी पळायचो. आता पळणाऱ्यांचे कान टोचतो.

जेबेत सहावा हजार संपवून येते.
गुडघ्यांवर हात, तोंडातून वाफ.
आधी पाळीवरचा घाम नीट पुसायचा,
घामातही तेच असतं, आकडा खोटा चढतो.
मग टोचायचं. थेंब मसुरीएवढा.
पंधरा सेकंद यंत्र विचार करतं.
तीन पूर्णांक चार.
जा, म्हणतो, अजून आहे तुझ्यात.

नवव्या हजाराला सात पूर्णांक एक.
"लॅक्टिक आलं," ती म्हणते,
जसं म्हणावं, पोलीस आले.

मीही हेच म्हणायचो, सोळा वर्षं.
मांड्यांत शिसं ओतल्यासारखं झालं की शिवी त्यालाच.
दुसऱ्या दिवशी पायरी उतरताना कळवळलो तरी त्यालाच.
अंग आंबलं की आंबटाचाच गुन्हा,
इतका सोपा हिशेब.

मग एल्डोरेटहून सालिना मॅडम आल्या,
शाळेच्या फळ्यावर एक मांडी काढली, जरा वाकडीच,
आणि म्हणाल्या,
ते तर तास-दीड तासात निघून जातं.
उद्याचं दुखणं त्याचं नाही, स्नायूंना पडलेल्या बारीक चिरांचं आहे.
घाईत साखर जाळली की हे तयार होतं,
पण वाया जात नाही.
शेजारचा संथ स्नायू ते उचलतो,
यकृत त्याची परत साखर करतं,
आणि हृदय?
हृदय तर ते आवडीनं खातं.

मागच्या बाकावर बसून
हे शेवटचं वाक्य मी दोनदा लिहून घेतलं.

म्हणजे आग लागली तिथं
जो रोज बादली घेऊन धावत आला
त्यालाच आम्ही रोज धरला,
कारण तो तिथं दिसला.

दुधातही तेच असतं, असंही त्या म्हणाल्या.
मला आईचा तुंबा आठवला.
सेनेत्वेतच्या जळक्या काठीनं आतून घासलेला,
राखेनं निळसर झालेलं दूध, झाकण घट्ट,
आठवडाभर कोपऱ्यात, कुणी हात लावायचा नाही.
विरजण पडलं म्हणजे बिघडलं, असं कोण म्हणतं?
आईनं एकदाही ते दूध फेकलं नाही.

जिंकून येणाऱ्याच्या ओठांना
विमानतळावरच तुंबा लावतात.
मी कधी जिंकायला गेलोच नव्हतो.
छातीवर नंबराऐवजी वेगवान एवढंच लिहिलेलं,
तीस किलोमीटर वारा अंगावर घ्यायचा,
मग रस्त्याच्या कडेला व्हायचं, फ्लॅटफूट, एकदम,
जणू कुणी दिवा बंद केला.
एका थंड शहरात माझ्या पाठीमागचा पहिला आला.
परतल्यावर त्याला हार, दूध, फोटो, बायकांचं गाणं.
मी आत पट्ट्याजवळ माझी निळी पिशवी शोधत होतो.
ती दोन दिवसांनी आली.

घरी एक छोटा तुंबा होता.
आई म्हणाली, जास्तच आंबलंय रे, उशीर केलास.
मी सगळं प्यालो.

जेबेत आता गवतावर बसायच्या बेतात आहे.
डोळे मिटलेले, हात मांडीवर, शिवी ओठांत.
"बसू नकोस," मी म्हणतो.
"हळू पळ. अगदी हळू, शेळ्या वळतेस तशी.
आत खाणारे बसलेत पंगतीला, त्यांना वाढू दे."

ती माझ्याकडे बघते, मला वेड लागल्यासारखी.
पण उठते.
दरीत ऊन उतरू लागलंय.
मी यंत्राची पट्टी बदलतो,
दहाव्यासाठी.