शब्दाला एक सेंट

डलुथमध्ये सरोवर गोठलेलं, भाडं थकलेलं.
थॉरवाल्ड हेग्गे शब्दाला एक सेंट दराने
परग्रह विकायचा.

त्या रात्री मजकूर कमी पडला,
म्हणून बोलत्या यंत्राला त्याने
उत्तराआधी जरा अडवलं:
‘यंत्र क्षणभर घुटमळलं, जणू त्याला वाईट वाटलं.’
सात शब्द.
एक कॉफी, वर दोन नाणी.

मासिक रद्दीत गेलं,
हेरिंग गुंडाळून कांगासांच्या स्वयंपाकघरात आलं.
नऊ वर्षांची व्हर्ना खवले झटकून
वाचत बसली नेमकं तेच पान,
पुढचं फाटलेलं.

तीस वर्षांनी मिनिआपोलिसला
खोलीभर कपाटांना वाचा फुटली.
प्रश्न संपायच्या आत उत्तर.
‘अगं, एवढी घाई?’ व्हर्ना त्या कपाटांना म्हणाली,
आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ घुसडली: थांब.

साहेब तडकले. यंत्राचा सेकंद सोन्याच्या भावाचा,
तो मातीत का घालायचा?
तिला सांगता येईना.
बोटांना उगाच मासळीचा वास आला.

तिच्या टेबलावर मी बसलो तेव्हा
ती ओळ होती तिथेच,
शेजारी टीप: काढू नये.
काढली नाही.

हेग्गेचं त्या महिन्याचं भाडं
तरीही राहिलंच.