दृश्य: दहापैकी

तिबिलिसीच्या कचेरीतून आलेल्या तक्त्यात
अकरा वाटा होत्या आणि रकाने पाच:
लांबी, चढ, पाणी, मुक्काम,
आणि शेवटचा, सगळ्यात रुंद,
दृश्य: दहापैकी.
चार ठेवायच्या. बाकीच्यांवरच्या खुणा पुसायच्या.
रंगाला पैसे तेवढेच आहेत, साहेब म्हणाले,
आणि लांबून येणारा माणूस
नुसती झाडं बघायला येत नाही.

जुंबेर गाडी चालवायचा, मी आकडे भरायचे.

वाश्लोवानीत मातीच्या टेकड्या, भाजून भेगाळलेल्या.
एक कासव रस्ता ओलांडत होतं,
त्याचा रस्ता संपेपर्यंत आमचं जेवण आटोपलं.
मी नऊ लिहिले.
जुंबेर म्हणाला, इथे पाण्याचा टिपूस नाही,
तुझं दृश्य पिऊन दाखव.
आठ केले.

कोल्खेतीत दलदल, लाकडी फळ्या, बूट चपचपलेले,
आणि धुकं इतकं, की जे दिसलंच नाही
त्याला किती द्यायचे कळेना.
जुंबेर नाक वर करून म्हणाला, पुढे समुद्र आहे.
तक्त्यात नाकाला रकाना नव्हता.

तुशेतीत मेंढ्या उतरत होत्या.
तीन तास आम्ही उभे, कड्याला पाठ लावून.
मेंढपाळाच्या कुत्र्याने आम्हाला एकदा हुंगलं
आणि बिनकामाचे ठरवून सोडून दिलं.
नऊ.

स्वानेतीत विचार करायचं कारणच नव्हतं:
दगडी मनोरे, मागे हिमनदी,
प्रत्येक वळणावर कुणीतरी आधीच फोटो काढत उभं.
आहेराच्या वहीत आकडा टाकावा
तसे दहा टाकले.

राचातली सातवी वाट मात्र
पाच तास बीचच्या जंगलातून,
डावीकडे खोडं, उजवीकडे खोडं,
शेवटी एक कुरण आणि तीन घरं,
दोनांना कुलूप.
पेन्सिल बोथट झाली होती, पाऊस येणार होता.
दोन दिले.

सप्टेंबरात तारेचा ब्रश घेऊन तिथेच गेले.
रंगवणं सोपं, पुसणं कष्टाचं.
दगड धरून ठेवतो.
पांढरा-लाल-पांढरा निघाला की खाली जुनी हिरवी खूण,
कुणाच्या तरी कारकिर्दीतली,
आणि बुंध्यांवर त्याहून जुने
कुऱ्हाडीचे घाव, सालीने भरून आणलेले.
ते मी सोडले. ते माझ्या यादीत नव्हते.

तिसऱ्या घरातल्या त्सियालाने
घेवड्याची उसळ वाढली, मक्याची भाकर,
हाताला लागलेल्या लाल भुकटीसाठी कोमट पाणी.
ब्रशकडे बघून बराच वेळ काही बोलली नाही.
मग एवढंच:
खालून वर पुसत आलीस, की वरून खाली?
खालून, मी म्हणाले.
अगं म्हणजे, ती म्हणाली,
आता उतरताना तुझीच पंचाईत.

तसंच झालं.
ओढ्यापाशी चुकले, मग पडलेल्या झाडापाशी,
रात्री गावात पोचले ते भलत्याच.
जुंबेर गाडीचे दिवे लावून
दुसऱ्याच पुलावर बसला होता वाट पाहत.

बर्फ वितळल्यावर कचेरीने पुन्हा धाडलं:
पुसलेलं नीट पुसलंय का, पाहून या.

पहिल्याच दगडावर निळा.
तिच्या फाटकाचा, ओळखीचा.
मग दर वीस पावलांवर,
सगळ्या खुणा गुडघ्याएवढ्या उंचीवर,
जिथवर तिची कंबर वाकते तिथवर,
काही ब्रशाच्या, काही फडक्याच्या,
एका ठिकाणी रंग संपत आला असणार,
तिथे नुसता अंगठा.
ओढ्यापाशी दोन.
पडलेल्या झाडापाशी दोन.
ही दोन ठिकाणं तिला कुणी सांगितली?
मी तर नाही.

कुरणापर्यंत गेले नाही.
धुराडं चालू होतं, तेवढं खालून दिसलं.

तक्त्यात लिहिलं: खुणा आढळल्या नाहीत.
साक्षीदाराच्या जागी सही करताना जुंबेर म्हणाला,
निळा रंग, बाई,
मला लहानपणापासून ओळखता येत नाही.