परिशिष्ट ब

गुरुवारी अकरा वाजता मुलाखत.
टेबलावर कंपनीनं पाठवलेली सत्तावीस पानं,
शेवटची नऊ म्हणजे परिशिष्ट ब, सेवालाभ.
ती मी सोडून देणार होते.
इंजिन बंद पडलं तर काय, पंखावर बर्फ साचला तर काय,
ओल्या धावपट्टीवर थांबायला किती अंतर लागतं,
सगळं पाठ आहे.
पैशाचं कुणी विचारतं का पहिल्याच भेटीत?

आबा चष्मा पुसत म्हणाले,
"आमी बी नव्हतं इचारलं."

उलव्यात आमचा तिसरा मजला.
खिडकीतून दिसतो तो दिव्यांचा पट्टा,
त्याच्याखाली कुठंतरी आमची विहीर,
चिंच, काकांचं मिठागर
(मिठागर नाही, ते खाडीच्या अंगाला होतं).

आबांनी लाल पेन्सिल काढली.
हिनंच त्यांनी साडेबावीस टक्क्यांचा कागद वाचला होता
सही केल्यानंतर,
दर रविवारी, सहा वर्षं.

महिन्याला सत्तर तासांची हमी,
विमान उडो न उडो, तेवढा पगार.
बरोबरची खूण.
"आनि सत्तराच्या वर?"
वरचं वेगळं देतात.
"वेगलं म्हंजे किती, लिवलंय का?"
नव्हतं लिहिलेलं.

परगावी रात्र काढली तर जेवणाचा भत्ता.
आईनं विचारलं, कपडे धुवायचे देतात का.
देतात. आकडा सांगितला.
"पांढऱ्या शर्टाला नाय पुरायचं," ती म्हणाली
आणि परत निवटे साफ करायला बसली.

अवलंबित कोण, ते पान एकोणीसवर.
आई-वडील किंवा सासू-सासरे, कुठलीही एकच जोडी.
एकदा नाव दिलं की बदलता येणार नाही.
माझं लग्न अजून कुणी काढलेलंसुद्धा नाही.
आई मान वर न करता म्हणाली,
"त्यांचा लिव. आमाला पनवेलचा डॉक्टर बास हाय."
त्या ओळीवर आबांनी
बरोबरची खूण केली नाही, चुकीचीही नाही.

घरच्यांना वर्षाला बारा तिकिटं,
विमानात जागा शिल्लक राहिली तर.
आबा हसले. मोठ्यानं, बराच वेळ.
आईला कळेना त्यात हसण्यासारखं काय.
मला कळलं.
मी पाणी प्यायला उठले.

मग पान बावीस.
परवाना गमावल्यास विमा.
मी समजावून सांगितलं.
दरवर्षी डॉक्टर तपासतात, कान, डोळे, हृदयाचा आलेख.
एक रेघ वाकडी निघाली
तरी माणूस धडधाकटच असतो,
स्कूटर चालवतो, बाजार करतो,
फक्त विमानात पुढं बसत नाही.
अशा वेळी एकरकमी पैसे.

"गमावला म्हंजे," पेन्सिल थांबली,
"आपून गमावला, का त्यांनी काडून नेला?"

मी ती इंग्रजी ओळ पुन्हा वाचली.
कर्ता नव्हता तिच्यात.

"पैसं एकदाच?"
एकदाच.
"ते संपल्यावर मानसानं काय करायचा
ते कनच्या पानावर हाय?"

सेहेचाळिसाव्या वर्षी आबांचं शेत संपलं.
धडधाकट होते. अजून आहेत.
एकरकमी आली, तिचा प्लॉट झाला,
प्लॉट विकून माझे दोनशे तास झाले आकाशातले,
आणि सकाळी दूध आणून झालं की दिवसभर
आबा सोसायटीच्या गेटजवळ उभे असतात,
वॉचमन नाही, नुसते उभे.

मुलाखतीच्या शेवटी ते विचारतातच,
तुम्हाला काही विचारायचंय?
त्याचा सराव मी रात्री आरशासमोर केला.
मान सरळ, हात मांडीवर, चेहरा नम्र.
"सर, माफ करा, एक छोटीशी शंका होती..."

आरशात, माझ्या मागं, बनियनवर आबा.
"माफी कनाला गो?
पयला पान सांग."